दांडीमागचे भोवरे: सिद्धांत, प्रयोग आणि संगणक यांचा मेळ कसा घालायचा

पुण्यात फ्लुइड डायनॅमिक्स शिकायला येणाऱ्याला काहीच कमी नाही. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे धरणांची, बंदरांची प्रतिरूपं बांधून त्यांत पाणी सोडतात. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सून संगणकावर चालवतात. सीडॅक या सरकारी संगणन संस्थेचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये याच शहरात उभा राहिला. तरी बहुतेक प्रबंधांत एका प्रकरणात समीकरणं, दुसऱ्यात प्रयोगाचे फोटो आणि तिसऱ्यात संगणकाची रंगीत चित्रं असतात आणि या तिघांची एकमेकांशी ओळखही नसते. शेवटी 'निकाल चांगले जुळतात' असं एक वाक्य येतं. किती जुळतात, न जुळलेला भाग कोणामुळे, यावर मौन.

याला उपाय एकच: तिन्ही कामं एकाच आकड्याभोवती आणि पहिल्या दिवसापासून बरोबरीने करायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका सत्रात उरकेल असा प्रश्न घेऊन ते कसं करायचं, ते पुढे दिलं आहे. प्रश्न जुना आहे: स्थिर पाण्यातून गोल दांडी ओढली की तिच्या मागे आळीपाळीने डावे-उजवे भोवरे सुटतात. ते सेकंदाला किती सुटतात?

पायरी १: आकडा निवडा

आकडा असा हवा की सिद्धांत तो सांगू शकेल, प्रयोग मोजू शकेल आणि संगणक काढू शकेल. नव्या मुलांना दांडीवरचा रोध, म्हणजे पाणी तिला मागे खेचतं ते बल, मोजायचा मोह होतो, कारण पाठ्यपुस्तकात त्याचा आलेख असतो. आपल्या मापाच्या टाकीत तो किती भरतो ते आधी बघा. ५ मिमी जाडीची, २२५ मिमी पाण्यात बुडालेली दांडी सेकंदाला १७.९ मिमी वेगाने ओढली तर रोध सुमारे ०.२४ मिलिन्यूटन येतो, म्हणजे २५ मिलिग्रॅम वजनाइतका. बाजारातला साधा लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) यात काहीच सांगणार नाही. भोवऱ्यांची वारंवारता (एका बाजूचे भोवरे सेकंदाला किती सुटतात तो आकडा) मात्र डोळ्यांनी मोजता येते, म्हणून आपण वारंवारता घेऊ.

पायरी २: कागदावरचं काम आधी

चार राशी आहेत: दांडीचा व्यास, वेग, पाण्याची गतिज व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता) आणि वारंवारता. त्यांतून दोनच शुद्ध, म्हणजे एकक नसलेले, अंक उरतात. वेग गुणिले व्यास भागिले व्हिस्कॉसिटी हा रेनॉल्ड्स अंक. वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग हा स्ट्रोहाल अंक. स्ट्रोहालने १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवर काम केलं होतं, तेव्हापासून हा अंक चालत आला आहे. तुमचा सगळा प्रकल्प म्हणजे या दोन अंकांमधला एक आलेख.

त्या आलेखाची हद्द सिद्धांतच आखून देतो. रेनॉल्ड्स अंक सुमारे ४७ च्या खाली असेल तर मागे दोन स्थिर भोवरे चिकटून राहतात, सुटत नाहीत. ४७ च्या वर प्रवाह अस्थिर होऊन आंदोलन सुरू होतं. १९० च्या आसपास तो दांडीच्या लांबीच्या दिशेनेही बदलू लागतो, म्हणजे त्रिमितीय होतो. द्विमितीय संगणन करायचं असेल तर तुमचं राज्य ४७ ते १९० एवढंच.

या पट्ट्यात विल्यमसन या संशोधकाने १९८९ मध्ये दिलेलं सूत्र वापरा: स्ट्रोहाल = ०.१८१६ − (३.३२६५ ÷ रेनॉल्ड्स) + (०.०००१६ × रेनॉल्ड्स). त्यातून रेनॉल्ड्स ८० ला ०.१५३, १०० ला ०.१६४, १२० ला ०.१७३ आणि १५० ला ०.१८३ येतात. हे सूत्र मोजमापांवर बसवलेलं आहे, समीकरणांतून निघालेलं नाही, हे ध्यानात ठेवा. रॉश्को या आधीच्या संशोधकाचं १९५४ चं सूत्र, ०.२१२ × (१ − २१.२ ÷ रेनॉल्ड्स), १०० ला ०.१६७ देतं. दोघांत पावणेदोन टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे तुमचा प्रयोग एका टक्क्याच्या आत अचूक नसेल, तर दोघांपैकी कोणाच्या बाजूने बोलायचं हे ठरवता येणार नाही. किती अचूक मोजायचं हे इथे कागदावरच ठरतं, उपकरण विकत घेतल्यावर नाही.

स्थैर्य-विश्लेषण शिकलेल्यांसाठी एक इशारा. स्थिर, सममित प्रवाहाभोवती रेषीय विश्लेषण केलं की ४७ चा उंबरठा छान मिळतो, पण रेनॉल्ड्स १०० ला त्यातून येणारी वारंवारता खऱ्यापेक्षा बरीच कमी असते. आंदोलन वाढलं की सरासरी प्रवाहच बदलतो, आणि विश्लेषण त्या बदललेल्या सरासरीभोवती करावं लागतं. तसं केलं की वारंवारता जवळ येते. 'सिद्धांत चुकला' असं वहीत लिहिण्याआधी कोणत्या प्रवाहाभोवतीचा सिद्धांत, ते तपासा.

अंदाज वहीत तारीख घालून लिहून ठेवा. नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच बरोबर येतो.

पायरी ३: पाण्याचं तापमान

इथे जितके प्रकल्प घसरतात तितके दुसरीकडे कुठेच घसरत नाहीत, म्हणून जरा थांबू. पाण्याची गतिज व्हिस्कॉसिटी २० अंश सेल्सियसला १.००४ चौरस मिमी प्रति सेकंद असते, २५ ला ०.८९३, ३० ला ०.८०१. दर अंशाला दोन टक्क्यांहून जरा जास्तच. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी त्याच नळाच्या पाण्यात सहज दहा अंशांचा फरक पडतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी आलेलं पाणी तर हाताला कढत लागतं.

५ मिमीची दांडी आणि २५ अंशांचं पाणी धरलं, तर रेनॉल्ड्स १०० साठी वेग १७.९ मिमी प्रति सेकंद लागतो. तोच वेग ठेवून पाणी २७.४ अंश असेल तर रेनॉल्ड्स जवळपास १०६ होतो आणि अपेक्षित स्ट्रोहाल ०.१६४ वरून ०.१६७ वर जातो. म्हणजे अडीच अंशांच्या हलगर्जीपणाने रॉश्को आणि विल्यमसन यांच्यातला वाद मिटल्यासारखा वाटेल!

म्हणून पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. त्यात दुसराही फायदा आहे: ताज्या नळाच्या पाण्यातली विरघळलेली हवा रात्रभरात निघून जाते, नाहीतर दांडीवर बारीक बुडबुडे चिकटतात. पाण्याचं तापमान वर आणि तळाशी, दोन्हीकडे मोजा. फरक ०.२ अंशापेक्षा जास्त असेल तर हलक्या हाताने ढवळा आणि पुन्हा थांबा. पंखा आणि एसी बंद. इतक्या कमी वेगात खिडकीतून काचेवर येणारं ऊनसुद्धा पाण्यात प्रवाह उठवतं.

पायरी ४: टाकी आणि गाडी

वाहत्या पाण्याचा चॅनेल बांधायच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नका. सेकंदाला १८ मिमी इतका संथ आणि एकसारखा प्रवाह पंपाने मिळवणं अवघड आहे. पाणी स्थिर ठेवून दांडी ओढणं सोपं, आणि वेग मोटरच ठरवते.

माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडून १.२ मीटर लांब, ३० सेंमी रुंद, ३० सेंमी उंच काचेची टाकी करून घ्या. २५ सेंमी पाणी भरलं की ९० लिटर होतं. काच धरून शंभर किलोंच्या वर वजन जातं, तेव्हा टेबल तसं हवं. दांडी म्हणून ५ मिमीचा ग्राइंड केलेला स्टीलचा रॉड घ्या. बोहरी आळीत नाहीतर भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मिळेल. मायक्रोमीटरने चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा व्यास मोजा. दांडीच्या खालच्या टोकाला आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली, ५० मिमी व्यासाच्या आणि १ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकच्या चकत्या बसवा. त्या का लागतात, ते पुढे येईल.

गाडीसाठी स्टेपर मोटर आणि चालक सर्किट तपकीर गल्लीत मिळतं. प्रश्न पट्टा की स्क्रू हा आहे. थ्रीडी प्रिंटरचा पट्टा आणि २० दातांची पुली स्वस्त पडते, पण पुलीच्या एका फेऱ्यात गाडी ४० मिमी जाते. पुली जरा जरी एककेंद्री नसेल तर दर ४० मिमीला वेग कमी-जास्त होतो. आपले भोवरे दर ३०.५ मिमीला एक आवर्तन पुरं करतात. दोन्ही अंतरं जवळजवळ आहेत, आणि वेग बदलून त्यांचं गुणोत्तर फारसं बदलत नाही, कारण दोन्ही अंतरावर ठरतात, वेळेवर नाही. भोवऱ्यांना अशा बाहेरच्या ठेक्याच्या नादी लागायची खोड असते. म्हणून ८ मिमी पुढे सरकणारा, एक मीटर लांबीचा लीड स्क्रू बरा. त्याचा दोष भोवऱ्यांच्या जवळपास चौपट वारंवारतेवर येतो आणि त्रास देत नाही. मात्र मायक्रोस्टेपिंग (मोटरच्या एका पावलाचे किती तुकडे करायचे ते) १६ वर ठेवलं तर १७.९ मिमी वेगाला सेकंदाला ७,१६० पल्स लागतील आणि साध्या आर्डुइनो कंट्रोलर बोर्डाची नेहमीची लायब्ररी ४,००० च्या आसपास दमते. मोटर थांबत नाही, नुसती हळू जाते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. मायक्रोस्टेपिंग ४ वर आणा. पल्स १,७९० होतील. तरीही प्रोग्राममध्ये लिहिलेल्या वेगावर भरवसा ठेवू नका. टाकीवर पट्टी चिकटवून व्हिडिओतून वेग मोजा.

पायरी ५: एक फेरी

रंगासाठी खाण्याचा रंग टाकीतल्याच पाण्यात कालवा. दुसऱ्या पाण्यात कालवलेला रंग तापमानाच्या फरकाने वर तरंगतो नाहीतर खाली बसतो. तो २१ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईने दांडीच्या पुढे सोडा. सुई गाडीलाच बांधलेली असते. तिची जाडी ०.८ मिमी, म्हणजे तिचा स्वतःचा रेनॉल्ड्स अंक १६. ४७ च्या खूप खाली, त्यामुळे सुई स्वतःचे भोवरे सोडत नाही. जाडी नळी वापरली तर दांडीआधी नळीच बोलू लागेल.

मोबाइलही गाडीवरच बसवा, वरून खाली बघणारा. कॅमेरा जमिनीवर ठेवला तर सगळी गणना बिघडते. दांडी पुढे निघून जाते, भोवरे मागे जवळजवळ जागच्या जागी राहतात, आणि एका ठिकाणावरून किती भोवरे गेले हे मोजून सुटण्याची वारंवारता मिळत नाही. बहुतेक मोबाइल प्रत्येक फ्रेममध्ये सारखा वेळ ठेवत नाहीत, म्हणून फ्रेम मोजून सेकंद काढू नका. कोपऱ्यात चालू स्टॉपवॉच दिसू द्या. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा.

आता सुरुवात. झटक्याने गाडी सोडली तर टाकीतलं पाणी लांबीच्या दिशेने हेलकावतं. १.२ मीटर लांब आणि २५ सेंमी खोल पाण्याच्या या हेलकाव्याचा कालावधी सुमारे १.६ सेकंद येतो. रेनॉल्ड्स १०० ला भोवऱ्यांचा कालावधी १.७ सेकंद आहे. हा योगायोग फार महागात पडतो, कारण हेलकावाच मोजून घरी जाणारे असतात. वेग शून्यापासून तीन सेकंदांत हळूहळू वाढवा, दोन्ही टोकांच्या भिंतींना स्पंज लावा. खात्री करायची तर दांडी काढून तीच फेरी घ्या आणि रंगाची रेघ डोलते का बघा.

एका फेरीत सुमारे ९०० मिमी, म्हणजे १८० व्यास अंतर मिळतं. रेनॉल्ड्स १०० ला ५० सेकंद, २९ आवर्तनं. ही सगळी कामाची नसतात. स्थिर पाण्यातली बारीक खळबळ वाढत वाढत पूर्ण आंदोलन व्हायला वेळ लागतो. रेनॉल्ड्स १०० ला ती पावणेतीनपट व्हायला साधारण ८ व्यास अंतर जातं. हजारपट वाढ धरली तर ५५ व्यासांच्या आसपास, म्हणजे पहिली नऊ आवर्तनं सोडून द्यायची, वीस उरतात. रेनॉल्ड्स ६० ला मात्र तेवढ्याच वाढीला २० व्यास लागतात, आणि आंदोलन पूर्ण होईपर्यंत टाकी संपत येते. म्हणून या टाकीत ४७ चा उंबरठा शोधायला जाऊ नका. ८० पासून वरच राहा.

दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास थांबायचं. घाई करून दहा मिनिटांत पुढची फेरी घेतली तर दांडी आपल्याच जुन्या भोवऱ्यांतून जाते.

कालावधी काढताना दांडीच्या मागे पाच व्यासांवर एक आडवी रेघ धरा आणि प्रत्येक फ्रेममधली तेवढीच रेघ पायथनमध्ये एकाखाली एक रचा. नागमोडी पट्टा दिसतो. एकाच बाजूची वळणं मोजा. दोन्ही बाजूंची मोजली की वारंवारता दुप्पट येते.

अचूकतेचा हिशेब असा लागतो: व्यास ०.२ टक्के, वेग ०.५ टक्के, वीस आवर्तनांचा वेळ ०.३ टक्के. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: स्ट्रोहालमध्ये ०.६ टक्के, म्हणजे ०.१६४ मध्ये ०.००१ इकडे-तिकडे. तापमानात ०.३ अंशाची शंका धरली तर रेनॉल्ड्समध्ये जवळपास ०.९ टक्के. हव्या असलेल्या एका टक्क्याच्या आत आपण आहोत.

पायरी ६: संगणन

ओपनफोम हे प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला लॅपटॉप पुरतो. सगळं शुद्ध अंकांत चालवा: व्यास १, वेग १, व्हिस्कॉसिटी म्हणजे १ भागिले रेनॉल्ड्स. रेनॉल्ड्स मात्र १०० असा गोल आकडा घेऊ नका. त्या दिवशीच्या तापमानाने प्रत्यक्ष जो आला तो घ्या. ही साधी गोष्ट पाळली नाही की दोघांच्या भांडणाला कारण नसताना सुरुवात होते.

क्षेत्र दांडीच्या पुढे २० व्यास, मागे ४०, दोन्ही बाजूंना ३०. बाजूंना दहाच व्यास ठेवले तर प्रवाह कोंडतो आणि वारंवारता एक-दोन टक्क्यांनी सहज वर जाते. संगणक हे क्षेत्र बारीक पेशींच्या जाळ्यात वाटतो: दांडीच्या परिघावर १६० पेशी, पहिल्या पेशीची उंची व्यासाच्या एक टक्का. वेळेची पायरी अशी की कूरांट अंक (एका पायरीत प्रवाह किती पेशी ओलांडतो तो आकडा) १ च्या खाली राहील.

नवख्यांच्या चुका जवळपास ठरलेल्या असतात. टर्ब्युलन्स (खळाळत्या प्रवाहाचं) मॉडेल चालू राहिलेलं असतं. रेनॉल्ड्स १०० ला त्याचं काही काम नाही, ते नुसती खोटी व्हिस्कॉसिटी घालतं. जुन्या उदाहरणातली अपविंड ही पहिल्या क्रमाची, म्हणजे ढोबळ गणनाची योजना तशीच राहिलेली असते. तीही भोवरे पुसते, दुसऱ्या क्रमाची योजना निवडा. द्विमितीय जाळ्याला ओपनफोममध्ये एका पेशीची जाडी असते. बल-गुणांक काढताना संदर्भ क्षेत्रफळात ती धरली नाही तर रोध-गुणांक १.३५ च्या जवळपास यायचा तो भलताच येतो. आणि 'भोवरे सुटतच नाहीत' ही तक्रार: जाळं अगदी सममित आणि सुरुवात अगदी सममित असेल तर संगणकाला बाजू निवडायला कारणच मिळत नाही. सुरुवातीच्या प्रवाहात दांडीच्या मागे एका बाजूला पाच टक्के आडवा वेग द्या.

व्यासभर अंतर जायला लागणारा वेळ हे एकक धरून ३०० एककं चालवा, पहिली १५० टाका. वारंवारता उचल-बलावरून (दांडीवरचं आडवं बल) काढा, रोधावरून नको. रोध दोन्ही बाजूंच्या भोवऱ्यांना सारखाच दाद देतो, म्हणून दुप्पट वारंवारतेने हलतो. फूरिये रूपांतर करून शिखर वाचायची सवय असेल तर सांभाळा: वीस आवर्तनांच्या नोंदीत दोन शेजारच्या वारंवारतांमध्ये पाच टक्क्यांचं अंतर असतं. आपल्याला एक टक्का हवाय. उचल-बल शून्यातून वर जातानाचे क्षण मोजून सरासरी घ्या.

पायरी ७: जाळ्याची झडती

एका जाळ्यावरचं उत्तर हे उत्तर नव्हे. दोन्ही दिशांना पेशींचं माप निम्मं करत तीन जाळी घ्या. समजा जाड जाळ्यावर ०.१५८०, मधल्यावर ०.१६२८ आणि बारीक जाळ्यावर ०.१६४० आलं. पहिला फरक ०.००४८, दुसरा ०.००१२; चारपट घटला, म्हणजे चूक जाळ्याच्या मापाच्या वर्गाने कमी होतेय, दुसऱ्या क्रमाच्या योजनेला शोभेल अशी. मग अमर्याद बारीक जाळ्यावरचं उत्तर ०.१६४० अधिक ०.००१२ भागिले ३, म्हणजे ०.१६४४. बारीक जाळ्याची चूक पाव टक्क्याच्या आत. फरक चारपट न घटता दोनपटच घटला तर कुठेतरी पहिल्या क्रमाची योजना लपली आहे; पायरी ६ कडे परत जा.

पायरी ८: न जुळलं तर

खरं काम इथून सुरू होतं. समजा संगणकाने ०.१६४ दिलं, सूत्रानेही ०.१६४, आणि टाकीने ०.१५७. फरक चार टक्के. अशा वेळी विद्यार्थी आधी काय करतो? जाळं आणखी बारीक करायला घेतो आणि लॅपटॉप दोन रात्री तापवतो. पण जाळ्याची चूक पाव टक्का आहे हे पायरी ७ मध्ये कळलंय. ते चार टक्क्यांचं उत्तर देऊ शकत नाही. तापमान? रेनॉल्ड्स एकाने घटला की स्ट्रोहाल ०.०००५ ने घटतो, ०.००७ घटायला रेनॉल्ड्स ८६ हवा, म्हणजे तापमान सहा-सात अंशांनी चुकलेलं हवं. तेवढं चुकलेलं थर्मामीटर आजीच्या हातालाही कळेल. वेग पट्टीवरून पुन्हा मोजा. अर्ध्या टक्क्यात असेल तर तोही सुटला.

आता मोबाइल वरून काढून टाकीच्या बाजूला लावा, दांडी उभी दिसेल असा. दांडीच्या लांबीभर रंग लागेल अशी सोय करा. भोवऱ्यांच्या रेघा दांडीला समांतर आहेत की तिरक्या? बहुधा तिरक्या दिसतील, सुमारे १७ अंशांनी. भोवरे तिरके सुटले की वारंवारता त्या कोनाच्या कोसाइनने घटते. १७ अंशांचा कोसाइन ०.९५६, ०.१६४ ला गुणा, ०.१५७ आलं. सूत्र बरोबर, संगणक बरोबर, टाकीही बरोबर. फक्त टाकीत जे घडलं ते द्विमितीय नव्हतं. तिरकेपणा दांडीच्या टोकांकडून येतो आणि हळूहळू सगळ्या लांबीवर पसरतो, म्हणून दांडी व्यासाच्या ४५ पट लांब असूनही सुटका नाही.

हा काही आपल्या टाकीपुरता किस्सा नाही. अनेक वर्षं वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या आलेखांत रेनॉल्ड्स १०० च्या खाली मध्येच तुटलेली रेघ दिसायची आणि प्रत्येकाचं स्पष्टीकरण वेगळं. विल्यमसनने १९८८ मध्ये तिरकेपणा दाखवून दिला. कोसाइनने भागल्यावर सगळे बिंदू एका रेघेवर आले. टोकाच्या चकत्यांची पुढची कड दांडीच्या मध्याकडे थोडी वळवली की भोवरे समांतर सुटू लागतात. चकत्या त्यासाठीच आहेत. त्यांचा कोन थोडा थोडा बदलून बाजूने बघत राहा.

चित्रं जुळवताना एक सावधगिरी हवी. रंगाची रेघ आणि संगणकाचं व्हॉर्टिसिटीचं (पाणी जागोजागी किती गरगरतं त्याचं) रंगीत चित्र शेजारी शेजारी ठेवून 'तंतोतंत जुळतं' म्हणू नका. रंग पाण्यात फार सावकाश मिसळतो, व्हॉर्टिसिटी त्याच्या कितीतरी आधी विरते. चाळीस व्यास मागे दिसणारा रंगाचा सुबक भोवरा हा बऱ्याचदा नुसता इतिहास असतो. तुलना करायचीच असेल तर संगणकातही सुईच्या जागी कण सोडा आणि त्यांची रेघ काढा.

हवेत करायचं असेल तर

कॉलेजच्या वाऱ्याच्या बोगद्यात हाच प्रयोग बारीक तारेवर करता येतो. वेग पिटो नळीने, म्हणजे दाबाच्या फरकावरून, मोजला जातो आणि तिथे हवेची घनता लागते. पाठ्यपुस्तकातली १.२२५ किलो प्रति घनमीटर समुद्रसपाटीची आणि १५ अंशांची आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास आणि २५ अंशांना घनता १.११. पुस्तकी घनता वापरली तर वेग पाच टक्के कमी मोजला जातो आणि स्ट्रोहाल तितकाच जास्त. हवामानाच्या ॲपवर दिसणारा १,०१० च्या आसपासचा दाब उपयोगाचा नाही. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचा कच्चा आकडा घ्या.

१९० च्या पुढे

समांतर भोवऱ्यांचा ८० ते १५० चा आलेख तिन्ही बाजूंनी एका टक्क्यात बसला की रेनॉल्ड्स २२० ला एक फेरी घ्या. २५ अंशांना वेग ३९ मिमी प्रति सेकंद लागेल. इथे प्रयोगाची वारंवारता द्विमितीय संगणनापेक्षा कमी येईल आणि चकत्या कितीही वळवल्या तरी फरक जाणार नाही. दांडीच्या लांबीवर साधारण चार व्यासांच्या अंतराने प्रवाह मुडपलेला असतो. बाजूने बघितल्यावर रंगात त्या घड्या दिसतात. त्यांतलं अंतर मोजा. संगणनात आता तिसरी दिशा घालावी लागेल, तिची लांबी किमान आठ व्यास, म्हणजे दोन घड्या तरी मावतील अशी. दोन व्यासच घेतले तर घड्यांना जागाच मिळत नाही आणि उत्तर द्विमितीय येतं. अशा जाळ्यात पेशी काही लाखांवर जातात आणि लॅपटॉप हात टेकतो. तेव्हा विभागप्रमुखांकडे क्लस्टरच्या खात्यासाठी अर्ज करा, आणि अर्जाला ८० ते १५० चा आलेख जोडा.